रक्तातले पोटॅशियम आणि हॅमरस्मिथचे रुग्णालय

सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या अंगात सुमारे १४० ग्रॅम पोटॅशियम असते. त्यातले ९८ टक्के पेशींच्या आत, आणि तेही मुख्यतः स्नायूंत, साठलेले असते. रक्तद्रव आणि पेशींभोवतीचे पाणी मिळून बाहेर उरते ते जेमतेम अडीच ग्रॅम. हृदयाची लय या अडीच ग्रॅमवर अवलंबून असते. रक्तद्रवाच्या एका लिटरमागे ३.५ ते ५ मिलिमोल हे निरोगी प्रमाण मानले जाते. ते साडेपाचच्या वर गेले की वैद्यकात हायपरकॅलेमिया म्हणतात आणि साडेसहाच्या पुढे गेले की तातडीने उपचार सुरू करावे लागतात. एक किलो स्नायूत साडेतीन ते चार ग्रॅम पोटॅशियम असते, म्हणजे शरीरातल्या पेशींबाहेरच्या सगळ्या द्रवात मिळून असते त्याहून जास्त. त्यामुळे माणसाला पोटॅशियमची विषबाधा होण्यासाठी बाहेरून विष यावे लागत नाही. मांडीचा स्नायू चिरडला आणि त्याच वेळी मूत्रपिंडे थांबली, तर एवढ्यानेही प्राण जातो.

हृदयावर होणारा परिणाम विजेशी संबंधित आहे. पेशीच्या आत पोटॅशियम भरपूर आणि बाहेर अगदी थोडे, या तफावतीमुळे पेशीच्या आवरणावर विद्युतदाब टिकून राहतो आणि त्याच्याच जोरावर हृदयाचा प्रत्येक ठोका पुढे सरकतो. बाहेरचे प्रमाण मुळातच इतके कमी असते की त्यात दोन-तीन मिलिमोलची भर पडली तरी तफावत ढासळते. ठोक्याचा संदेश मंदावतो, मग विस्कळीत होतो आणि हृदय थरथरून किंवा एकदम थांबते. याची पूर्वसूचना बहुधा मिळत नाही. हातापायांत थोडी शक्तिहीनता, मुंग्या, क्वचित मळमळ, एवढेच जाणवते. पुष्कळ रुग्णांना तेवढेही जाणवत नाही.

या धोक्याची रसायनशास्त्रीय बाजू एकोणिसाव्या शतकातच माहीत झाली होती. लाकडाच्या राखेतून क्षार काढण्याची कला त्याहून फार जुनी. सुश्रुतसंहितेत क्षार तयार करण्याच्या विधीवर स्वतंत्र अध्याय आहे आणि जवाच्या राखेपासून केलेला यवक्षार आयुर्वेदात आजही ओळखीचा आहे. या राखेतला धातू मात्र १८०७ साली हाती लागला, जेव्हा लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्हीने वितळलेल्या दाहक पोटॅशमधून वीज सोडून तो वेगळा केला. पुढे १८४७ मध्ये युस्टुस लीबिखने दाखवून दिले की मांसात पोटॅशियम जास्त असते आणि रक्तात सोडियम. तीनच वर्षांनी डोर्पाटच्या कार्ल श्मिटने कॉलऱ्याच्या रुग्णांच्या रक्ताचे पृथक्करण करताना हीच विभागणी रक्तपेशी आणि रक्तद्रव यांच्यात आढळल्याचे नोंदले. पोटॅशियमचे क्षार कुत्र्याच्या शिरेत टोचले की हृदय बंद पडते, हे जेम्स ब्लेकने त्याआधीच, १८३९ मध्ये, दाखवले होते.

या सगळ्यांत पुढच्या वैद्यकाला सर्वांत उपयोगी पडला तो सिडनी रिंगरचा प्रयोग, आणि तोही एका गफलतीमुळे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज रुग्णालयातला हा डॉक्टर सकाळ-संध्याकाळ रुग्ण पाही आणि मधल्या वेळात बेडकाची हृदये मिठाच्या पाण्यात ठोकत ठेवण्याचे प्रयोग करी. १८८२ मध्ये त्याने जाहीर केले की नुसत्या मिठाच्या पाण्यातही हृदय बराच काळ धडधडत राहते. नंतर उघड झाले की प्रयोगशाळेतल्या मदतनिसाने ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी न्यू रिव्हर कंपनीच्या नळाचे पाणी वापरले होते आणि त्या पाण्यात कॅल्शियम होते. शुद्ध पाणी घेताच हृदये बंद पडू लागली. मग रिंगरने एकेक क्षार मोजून घातला आणि १८८३ मध्ये निष्कर्ष मांडला. कॅल्शियमशिवाय हृदय आकुंचन पावत नाही, पोटॅशियम वाढले की ते सैल पडून थांबते आणि या दोघांचे परिणाम एकमेकांना छेद देतात. हायपरकॅलेमियाच्या रुग्णाला आज सर्वांत आधी दिले जाणारे औषध म्हणजे शिरेतून कॅल्शियम. त्यामागचे तत्त्व या बेडकांच्या हृदयांतून आलेले आहे. रिंगरच्याच द्रावणात १९३२ च्या सुमारास अमेरिकेतल्या अलेक्सिस हार्टमनने लॅक्टेट मिसळले. आपल्याकडच्या दवाखान्यांत ‘आर.एल.’ म्हणून लटकणारी बाटली तीच.

एवढे ज्ञान असूनही पुढची पन्नास वर्षे ते रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचले नाही. मोजमाप हीच मुख्य अडचण होती. क्रेमर आणि टिस्डॉल यांनी १९२१ मध्ये रक्तद्रवातले पोटॅशियम कोबाल्टच्या एका क्षाराने साक्यात उतरवून मोजण्याची रीत दिली. ती मोठ्या मेहनतीची आणि कित्येक तासांची होती. ज्याचे हृदय अर्ध्या तासात थांबणार आहे त्याला तिचा काय उपयोग? मूत्रपिंड निकामी होऊन रुग्ण दगावला की दोष युरियावर जाई, कारण युरिया मोजणे सोपे होते. मोजता येते तेच कारण मानण्याची ही खोड वैद्यकाला फार काळ राहिली.

दुसरी अडचण अशी की हा मृत्यू एकट्यादुकट्याने, वेगवेगळ्या आजारांच्या आडून येत होता. तो एकाच ठिकाणी, एकाच कारणाने, थोड्या दिवसांत वारंवार दिसण्यासाठी मोठे संकट लागले. १९०८ च्या डिसेंबरमध्ये सिसिलीतल्या मेसिना शहराला भूकंपाने उद्ध्वस्त केले तेव्हा तिथे गेलेल्या जर्मन वैद्यकीय पथकाने ढिगाऱ्यातून काढलेल्या लोकांच्या अवयवांत मेलेले स्नायू आणि नंतर ओढवलेले मृत्यू नोंदले होते. पहिल्या महायुद्धात खंदक कोसळून गाडल्या गेलेल्या जर्मन सैनिकांच्या मूत्रपिंडांचा अभ्यास करून सेइगो मिनामी या जपानी डॉक्टरने १९२३ मध्ये स्नायूंचा नाश आणि मूत्रपिंडांचे निकामी होणे यांचा संबंध जर्मन नियतकालिकात मांडला. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा इंग्रज डॉक्टरांच्या गावीही ते नव्हते.

लंडनच्या पश्चिमेला, वर्मवुड स्क्रब्ज या तुरुंगाच्या शेजारी, हॅमरस्मिथ रुग्णालय १९०५ मध्ये सुरू झाले ते गरीबखान्यातल्या आजाऱ्यांसाठी. करदात्यांच्या पैशातून निराधारांसाठी एवढी ऐसपैस इमारत उभी राहिली म्हणून त्या काळी तिची चेष्टाही झाली. १९३५ मध्ये तिथे ब्रिटनची पदव्युत्तर वैद्यकीय शाळा आली आणि या जागेचे स्वरूप पालटले. सगळा वेळ संशोधनाला आणि रुग्णांना देणारे पगारी डॉक्टर, खाटांना लागून प्रयोगशाळा आणि शवविच्छेदनाची शिस्त हे तिथे एकत्र आले. खाजगी व्यवसायावर चालणाऱ्या लंडनच्या जुन्या नामांकित रुग्णालयांत अशी व्यवस्था दुर्मीळ होती. पुढे घडले ते बऱ्याच अंशी या व्यवस्थेचे फळ.

सप्टेंबर १९४० ते मे १९४१ या काळात जर्मन विमानांनी लंडनवर रात्रीमागून रात्री बाँब टाकले. विटांची घरे कोसळत आणि माणसे तासन्‌तास तुळया-भिंतींखाली अडकून पडत. सुटका झालेल्यांपैकी काहींची कहाणी विचित्र होती. बाहेर काढताना माणूस शुद्धीवर असे, बोले, चहा मागे. दबलेला पाय थोडा सुजलेला, बधिर, त्यावर वळ, याखेरीज विशेष काही दिसत नसे. काही तासांत पाय टणक फुगे, रक्तदाब कोसळे. रक्तद्रव भरून तो वर आणला की धोका टळल्यासारखे वाटे. मग लघवी कमी होऊ लागे, तिचा रंग गडद तपकिरी होई आणि आठवडाभरात, पुष्कळदा अगदी अचानक, रुग्ण दगावे.

हॅमरस्मिथमध्ये अशा रुग्णांची जबाबदारी एरिक बायवॉटर्स या तिशीतल्या डॉक्टरकडे आली. सांध्यांच्या आजारांत रस असलेला हा माणूस अमेरिकेतून नुकताच परतला होता. डेस्मंड बील या सहकाऱ्याबरोबर त्याने चार रुग्णांचे वर्णन मार्च १९४१ च्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केले. चारही जण वारले होते. शवविच्छेदनात मूत्रपिंडांच्या नलिकांत तपकिरी रंगद्रव्याच्या गुठळ्या अडकलेल्या सापडल्या, चुकीच्या गटाचे रक्त चढवल्यावर दिसतात तशा. हे रंगद्रव्य रक्तातले नसून स्नायूंतले आहे, हे त्याच वर्षी सिद्ध झाले. रुग्ण जिवंत असताना काढलेल्या रक्तात युरियाबरोबर फॉस्फेट आणि पोटॅशियम चढत गेलेले होते. एकच रुग्ण असता तर हा अपवाद म्हणून सुटला असता. बाँबवर्षावाने मात्र असे रुग्ण आणून देण्यात खंड पाडला नाही.

हळूहळू घटनाक्रम उलगडला. दबलेल्या स्नायूंतले रक्ताभिसरण बंद असते, त्यामुळे तिथल्या पेशी मरत असल्या तरी त्यांतले द्रव्य तिथेच कोंडून राहते. वजन उचलले की रक्त पुन्हा वाहू लागते आणि ते सगळे द्रव्य शरीरभर पसरते. पोटॅशियमचा पहिला तडाखा हृदयाला सुटकेनंतर थोड्याच वेळात बसू शकतो. मागून येणारे रंगद्रव्य, रक्तदाबाच्या घसरणीने आधीच उपाशी पडलेल्या मूत्रपिंडांच्या नलिका बंद करते. रोज बाहेर पडणाऱ्या पोटॅशियमपैकी सुमारे ९० टक्के लघवीवाटे जाते. तो मार्ग खुंटला की मेलेल्या स्नायूंतून झिरपणारे पोटॅशियम साठत जाते आणि चार-सहा दिवसांनी दुसरा तडाखा बसतो. सुटका करणाऱ्यांच्या हातूनच विषाची तोटी उघडते, हा या आजारातला सर्वांत क्रूर भाग. बायवॉटर्सने म्हणून लवकरात लवकर द्रव आणि सोड्यासारखी अल्कली देण्याचा आग्रह धरला, म्हणजे लघवी वाहती राहील आणि रंगद्रव्य साचणार नाही.

त्याच सुमारास अमेरिकेत हृदयाची बाजू स्पष्ट होत होती. विंकलर, हॉफ आणि स्मिथ यांनी १९३८ मध्ये कुत्र्यांच्या शिरेत पोटॅशियम क्लोराइड सोडत हृदयालेख काढला आणि रक्तातले प्रमाण वाढत जाते तसतसे आलेखातले बदल ठरावीक क्रमाने येतात हे दाखवले. आधी टी-लहर तंबूच्या टोकासारखी उंच होते, मग पी-लहर नाहीशी होते, मधला पट्टा रुंदावतो आणि शेवटी सगळ्याची मिळून एकच वळणदार रेघ होते. चाळीसच्या दशकात मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांतही हेच बदल आढळले. प्रयोगशाळेचा निकाल येण्याआधी कागदाच्या पट्टीवर धोका ओळखण्याची सोय त्यातून झाली. ती अचूक नाही. पोटॅशियम साताच्या पुढे असूनही आलेख सरळ दिसणारे रुग्ण असतात आणि या खोट्या दिलाशाने बळी घेतलेले आहेत.

मोजण्याची अडचण युद्ध संपता संपता सुटली. पोटॅशियम ज्योतीत जळताना फिकट जांभळा प्रकाश देते, हे बुन्सेन आणि किर्शहॉफ यांच्या काळापासून ठाऊक होते. त्या प्रकाशाची तीव्रता मोजणारा फ्लेम फोटोमीटर १९४५ मध्ये अमेरिकेत तयार झाला. तासांचे काम मिनिटांवर आले आणि दिवसातून तीन-चार वेळा रक्त तपासणे पहिल्यांदाच शक्य झाले.

पण वाढलेले पोटॅशियम काढायचे कसे? नाझींच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये, काम्पेन या छोट्या गावी, विलेम कोल्फ नावाच्या तरुण डॉक्टरने त्याचे उत्तर शोधले होते. सॉसेजसाठी वापरतात त्या सेलोफेनच्या नळीचे वेढे त्याने लाकडी पट्ट्यांच्या पिंपावर घातले, पिंप मिठाच्या द्रावणाने भरलेल्या इनॅमलच्या टबात फिरवला आणि नळीतून रुग्णाचे रक्त खेळवले. यालाच डायलिसिस म्हणतात. मार्च १९४३ मध्ये पहिल्या रुग्णावर उपचार झाले. पुढच्या अडीच वर्षांत ज्यांना या यंत्रावर ठेवले ते जवळपास सगळे वारले. सप्टेंबर १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक स्त्री वाचली. शत्रूशी हातमिळवणी केल्याच्या आरोपावरून ती कैदेत होती आणि तिला वाचवल्याबद्दल गावात नाराजीही होती. युद्धकाळात कोल्फने लपवूनछपवून जादा यंत्रे बनवून ठेवली होती. शांतता होताच त्याने ती पेटंटच्या भानगडीत न पडता परदेशी रुग्णालयांना देऊन टाकली. त्यातले एक हॅमरस्मिथला आले.

बायवॉटर्स आणि मार्क जोक्स यांनी १९४६ पासून ते चालवले आणि १९४८ मध्ये अनुभव प्रसिद्ध केला. त्यानंतर जे झाले ते आजच्या वाचकाला चक्रावून टाकणारे आहे. हॅमरस्मिथने यंत्र बाजूला ठेवले. ग्रॅहम बुल, जोक्स आणि लो यांनी १९४९ मध्ये लॅन्सेटमध्ये वेगळीच पद्धत मांडली. मूत्रपिंडे तात्पुरती थांबली असतील तर ती दोन-तीन आठवड्यांत आपोआप सुरू होतात, तोवर रुग्णाला तग धरायला लावायचे. त्यासाठी दिवसाला एक लिटर पाण्यात ४०० ग्रॅम ग्लुकोज आणि १०० ग्रॅम शेंगदाणा तेल घोटून नाकातल्या नळीने थेंब थेंब पोटात सोडायचे. त्यात प्रथिने नाहीत, पोटॅशियम नाही. उष्मांक मिळत राहिले की शरीर स्वतःचे स्नायू जाळत नाही आणि आतले पोटॅशियमही बाहेर येत नाही. हा तर्क पक्का होता. यंत्रावर होणारा रक्तस्राव, संसर्ग आणि खर्च पाहता त्या घडीला निर्णय अडाणीपणाचा म्हणता येणार नाही. बाळंतपणातल्या रक्तस्रावानंतर किंवा चुकीच्या रक्तदानानंतर मूत्रपिंडे थांबलेले पुष्कळ रुग्ण या आहारावर वाचले. मात्र ज्यांच्या अंगात मेलेले स्नायू होते त्यांच्यापुढे तेल-साखर हतबल होती. त्यांच्यात पोटॅशियम इतक्या वेगाने चढे की वाट पाहायला आठवडा मिळतच नसे.

हा फरक कोरियाच्या युद्धाने निर्विवाद केला. जखमी अमेरिकी सैनिक हेलिकॉप्टरमुळे पूर्वीपेक्षा लवकर शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचू लागले. जे पूर्वी रणांगणावर रक्तस्रावाने गेले असते ते आता चार दिवसांनी मूत्रपिंड थांबून मरू लागले. १९५२ मध्ये वोंजू येथील लष्करी रुग्णालयात खास केंद्र उघडले आणि कोल्फच्या यंत्राची बोस्टनमध्ये सुधारलेली आवृत्ती तिथे नेली. पॉल टेशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले की छिन्न स्नायू असलेल्या सैनिकांत पोटॅशियम दोन-तीन दिवसांतच प्राणघातक पातळी गाठते. अशा जखमींतले मृत्यूचे प्रमाण, जे नव्वद टक्क्यांच्या आसपास असे, ते यंत्रामुळे ५३ टक्क्यांवर आले. १९५६ मध्ये फ्रँक पार्सन्सने लीड्स येथे सुधारित यंत्र आणून ब्रिटनमध्ये डायलिसिस पुन्हा सुरू केले. हॅमरस्मिथही त्यामागून परत या वाटेवर आले.

याच हॅमरस्मिथमध्ये डेनिस मेलरोजने १९५५ मध्ये पोटॅशियमच्या विषारीपणाचाच उपयोग करून घेतला. उघड्या हृदयावर शस्त्रक्रिया करताना ते स्थिर हवे. त्याने हृदयाच्या धमन्यांत पोटॅशियम सायट्रेटचे तीव्र द्रावण सोडून ते मुद्दाम थांबवले आणि काम झाल्यावर रक्त सोडून पुन्हा सुरू केले. द्रावण फार तीव्र असल्यामुळे स्नायूंना इजा होते असे दिसल्यावर ही पद्धत मागे पडली. १९७० च्या दशकात सौम्य रूपात ती परतली. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयाच्या द्रावणात पोटॅशियम लिटरला १६ मिलिमोलच असते आणि जगभर हृदय-शस्त्रक्रियेत त्याचा किंवा त्याच्या भावंडांचा वापर होतो. याची काळी बाजूही आहे. अमेरिकेत विषारी इंजेक्शनने देहदंड देण्याची पद्धत ओक्लाहोमाने १९७७ मध्ये स्वीकारली आणि टेक्सासने १९८२ मध्ये प्रथम अमलात आणली. तिच्यातले तिसरे इंजेक्शन पोटॅशियम क्लोराइडचे होते. रुग्णालयांत हेच औषध पोटॅशियम कमी पडलेल्यांसाठी कपाटात ठेवलेले असे, दुसऱ्या निरुपद्रवी द्रावणांसारख्याच दिसणाऱ्या कुपीत. अमेरिकी रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेने १९९८ मध्ये काढलेला पहिलाच धोक्याचा इशारा त्याबद्दल होता. तपासलेल्या दहा मृत्यूंपैकी आठांत तीव्र द्रावण थेट शिरेत गेले होते आणि त्यातल्या बहुतेक वेळी ते दुसरेच काही समजून दिले गेले होते. त्यानंतर तीव्र कुप्या वॉर्डातून हलवण्याची पद्धत अनेक देशांत आली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हायपरकॅलेमियाचे ठिकाण ढिगाऱ्यावरून घरी सरकले. मूत्रपिंडाला पोटॅशियम बाहेर टाकण्याचा हुकूम देणारे संप्रेरक, अल्डोस्टेरॉन, १९५३ मध्ये सिम्पसन आणि टेट यांनी वेगळे केले. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी नष्ट झालेल्या रुग्णांत पोटॅशियम का चढते याचा उलगडा त्यातून झाला. मग याच हुकुमाला अडवणारी औषधे आली. स्पायरोनोलॅक्टोन हे त्यांतले एक. ब्राझीलमधल्या एका विषारी सापाच्या विषाच्या अभ्यासातून सुचलेले आणि १९८१ मध्ये बाजारात आलेले कॅप्टोप्रिल आणि त्याची पुढची पिढी ही दुसरी. रक्तदाब, हृदयविकार आणि मधुमेहाने पोखरलेली मूत्रपिंडे यांच्यासाठी ही औषधे वरदान ठरली. पोटॅशियम वाढवणे हा त्यांचा अंगभूत दुष्परिणाम. १९९९ च्या एका गाजलेल्या चाचणीत तीव्र हृदयविकाराच्या रुग्णांतले मृत्यू स्पायरोनोलॅक्टोनने ३० टक्क्यांनी घटलेले दिसले आणि डॉक्टरांनी ते सढळ हाताने लिहायला सुरुवात केली. चाचणीतले रुग्ण तुलनेने तरुण होते आणि त्यांचे रक्त वारंवार तपासले जात होते. कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांताचा हिशेब २००४ मध्ये बाहेर आला. अशा वृद्ध रुग्णांत हायपरकॅलेमियासाठी रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाण १९९४ मध्ये हजारी २.४ होते, ते २००१ मध्ये ११ झाले. मृत्यू हजारी ०.३ वरून २ वर गेले. औषध तेच होते, कमी पडली ती रक्ताची तपासणी.

उपचारांचा क्रम आता रूढ झाला आहे. पहिल्या काही मिनिटांत कॅल्शियम. त्याने पोटॅशियम उतरत नाही, फक्त हृदय सावरते आणि तेही अर्ध्या-पाऊण तासापुरते. मग ग्लुकोजबरोबर इन्सुलिन, जे पोटॅशियमला पुन्हा पेशींत ढकलते. हा गुण १९२० च्या दशकातच लक्षात आला होता, इन्सुलिन वापरात आल्यावर लगेच. दम्यासाठी असलेले साल्ब्युटामोलही हेच काम करते. शरीराबाहेर पोटॅशियम काढायला मात्र लघवी वाढवणारी औषधे, आतड्यात पोटॅशियम पकडणारी भुकटी किंवा डायलिसिस लागते. पहिली अशी भुकटी अमेरिकेत १९५८ मध्ये मंजूर झाली, अधिक सुसह्य औषधे थेट २०१५ नंतर. आधी खात्री करावी लागते ती आकड्याचीच. रक्त घेताना पट्टा फार वेळ आवळला, मूठ वारंवार वळायला लावली किंवा सुईत रक्तपेशी फुटल्या, तर नळीतले पोटॅशियम चढते, रुग्णातले नाही.

१९६० मध्ये सिॲटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नरने वारंवार वापरता येणारी नळी हातात बसवली आणि मूत्रपिंडे कायमची गेलेली माणसे वर्षानुवर्षे डायलिसिसवर जगू लागली. त्यांच्यासाठी दोन खेपांमधले दिवस म्हणजे पोटॅशियम साठण्याचे दिवस. भारतात पुष्कळ जण आठवड्याला तीनऐवजी दोनच खेपा घेतात, त्यामुळे हा काळ आणखी लांबतो. मराठी घरात आजाऱ्याला हौसेने पाजतात ते शहाळ्याचे पाणी इथे वर्ज्य असते, कारण एका पेल्यात अर्धा ग्रॅमहून जास्त पोटॅशियम असू शकते. आहारतज्ज्ञ भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळायला आणि ते पाणी फेकून द्यायला सांगतात. रक्तदाबासाठी विकल्या जाणाऱ्या कमी सोडियमच्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते, हे पाकीट उलटून वाचणारे थोडे. निरोगी मूत्रपिंडे हे सगळे सहज बाहेर टाकतात आणि नुसत्या खाण्याने त्यांच्या मालकाला बाधा होत नाही.

ढिगाऱ्याखालचा प्रश्न तेवढ्यात संपला नव्हता. १९८२ मध्ये लेबनॉनमधल्या टायर शहरात एक इमारत कोसळली. इस्रायली डॉक्टरांनी सात जणांना, अंगावरचा भार हटतो न हटतो तोच, शिरेतून मोठ्या प्रमाणात द्रव द्यायला सुरुवात केली. सातांपैकी एकालाही डायलिसिस लागले नाही. डिसेंबर १९८८ मध्ये आर्मेनियातल्या भूकंपानंतर नेमके उलटे झाले. सुमारे २५ हजार माणसे मेली आणि वाचलेल्यांपैकी शेकडोंना लागणारी यंत्रे, ती चालवणारे लोक व नळ्या जगभरातून येईपर्यंत पुष्कळांची वेळ टळून गेली होती. त्या गोंधळातून आंतरराष्ट्रीय मूत्रपिंडविज्ञान संस्थेने आपत्तीत धावून जाणारे पथक उभारले. १७ ऑगस्ट १९९९ रोजी तुर्कस्तानात मार्मारा भागात भूकंप झाला तेव्हा ते कामी आले. तिथे मूत्रपिंडांवर परिणाम झालेले ६३९ रुग्ण नोंदले गेले, ४७७ जणांना डायलिसिस मिळाले आणि ६३९ पैकी सुमारे १५ टक्केच दगावले. घरे कशाची आहेत यावरही हा आकडा ठरतो. काँक्रीटच्या मजल्यांखाली पोकळ्या राहतात, माणूस अडकून जिवंत राहतो आणि चिरडलेल्या स्नायूंनिशी बाहेर येतो. मातीच्या, जाड भिंतींच्या घरांत तो बहुधा आतच गुदमरतो.

२०१२ मध्ये अशा आपत्तींसाठी युरोपीय मूत्रपिंडतज्ज्ञांच्या पुढाकाराने सविस्तर सूचना प्रसिद्ध झाल्या. हात किंवा पाय हाती लागताच, माणूस ढिगाऱ्यात असतानाच, शिरेत सुई घालून साधे सलाईन पहिल्या काही तासांत ताशी सुमारे एक लिटर या वेगाने सुरू करावे. सुटकेनंतर लवकरात लवकर पोटॅशियम तपासावे, आणि तपासणीची सोय नसेल तर हृदयालेख काढावा. आर.एल. मात्र टाळावे, कारण त्याच्या प्रत्येक लिटरमध्ये ४ मिलिमोल पोटॅशियम असते.